तारिपो आजोबांच्या छपरावरचं ऊन

मामाने हातातला नीरफणसाचा तुकडा परत ताटात ठेवला, तेव्हाच मी ओळखलं की आता होणार. तुतेरूमामा जेवण अर्ध्यावर सोडणाऱ्यांतला नाही. आजोबा गेल्याचा फोन आला तेव्हासुद्धा तो ऑकलंडला खिम्याचे दोन पाव संपवून मगच रडला, असं तेकुरामावशी सांगते.

"पुन्हा बोल," तो माझ्या आईला म्हणाला. "विमानात कानाला दडे बसलेत माझ्या. मला ऐकू आलं की तुला बाबांच्या कबरीवर सोलर पॅनेल लावायची आहेत."

"कबरीवर नाही रे दादा. कबरीच्या छपरावर."

"अच्छा. मग ठीक. मी उगाच काहीतरी भलतं समजलो."

मावशी फिसकन हसली. मामाने बघितल्यावर तिने ते हसू खोकल्यात घातलं.

खरं तर त्या संध्याकाळी सगळं किती छान चाललं होतं. तिन्ही भावंडं वर्षभराने एका टेबलाशी बसली होती. आजोबांना जाऊन वर्ष झालं, म्हणजे आमच्याकडे कबरीवर नावाचा दगड बसवून त्यावरचं कापड काढायचा दिवस येतो. दगड मामाने ऑकलंडला घडवून घेतला होता आणि तो दुसऱ्या दिवशी बोटीतून उतरणार होता. कापड शनिवारी निघणार होतं. छपराचे खांब आणि वासे सुतार उभे करून गेला होता. वर घालायचे लाल पत्रे मामाने स्वतःच्या पैशांनी आणून ओसरीवर रचून ठेवले होते, आणि येता-जाता तो त्यांवर बोटांनी ताल धरत होता.

आम्ही आमची माणसं लांब कुठे नेऊन ठेवत नाही. घर आणि रस्ता यांच्या मधल्या अंगणात ठेवतो, म्हणजे येणारा-जाणारा आधी त्यांना भेटतो आणि मग आम्हाला. आजोबांच्या कबरीवर बसून मी सगळी भूमिती केली आहे. आई तिच्यावर टॉवेल वाळत घालते. आजी रोज सकाळी तिथे बसून त्यांना आदल्या दिवशी कोण काय म्हणालं ते सांगते, आणि त्यात स्वतःचं थोडं घालते.

"पण कशाला हवीत ती पॅनेलं?" मामाने विचारलं. "त्या गाडीसाठी?"

"गाडीसाठी. म्हणजे आमच्यासाठीच."

आमची गाडी विजेवर चालते. ती जपानमध्ये म्हातारी होऊन मग आमच्या बेटावर, रारोटोंगाला आली. तिच्या पडद्यावर जपानी अक्षरं येतात आणि आतून एक बाई फार नम्रपणे काहीतरी सांगत असते, जे आम्हाला कुणालाच कळत नाही. आजी मात्र तिला दर वेळी उत्तर देते. गाडीला आम्ही जपानीण म्हणतो. आई आणि आजी पहाटे तिआरेच्या पांढऱ्या, सुवासिक फुलांचे हार आणि डोक्यावरचे मुकुट ओवतात आणि आई ते जपानिणीत घालून बेटाभोवतीच्या हॉटेलांत आणि विमानतळावर पोचवते. पेट्रोल परवडेना म्हणून आईने ही गाडी घेतली. पण आमच्याकडची वीजही बरीचशी जहाजातून आलेल्या डिझेलवरच बनते. घरी प्लग लावला की आई मीटरकडे अशी बघत बसते, जसं दूध उतू जाईल म्हणून कुणी पातेल्याकडे बघतं.

"पेट्रोलपेक्षा बरं पडतं," आई म्हणाली, "पण भागेल इतकं बरं नाही. दिवसा उन्हावर भरली तर हारांच्या पैशांत आमचं निभतं. एका रिसॉर्टने जुनी पॅनेलं काढली, सहा मिळालीत मला, जवळजवळ फुकटात. वीज कंपनीने जोडायला हो म्हटलंय. फक्त ती ठेवायला ऊन हवं."

"मग घराच्या छपरावर ठेव."

"घराच्या छपरावर तू आहेस, दादा."

हे खरंच होतं. आमच्याकडे मूल जन्मलं की त्याची नाळ पुरून वर झाड लावतात. माझं लिंबू आहे आणि ते अजून माझ्या खांद्याला लागतं. मामाचा नीरफणस आहे. मामा एकोणिसाव्या वर्षी निघून गेला, पण झाड इथेच वाढत राहिलं, आणि आता त्याच्या फांद्यांनी आमचं सगळं छप्पर झाकलंय. घरात दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. ऊन असं पडतं ते फक्त पुढच्या अंगणात, आजोबांवर.

"झाडच पाडलं तर?" मावशीने सहज विचारलं.

मामाचा चेहरा असा झाला, जणू मावशीने त्याचा अंगठा मागितला होता. त्याचं कारण पुढे त्यानेच मला सांगितलं. ऑकलंडच्या हिवाळ्यात पहाटे पाचला बस काढताना, काच पुसता पुसता, तो हे झाड आठवायचा. तीस वर्षं. झाड तिथे आहे म्हणजे मीही थोडा तिथे आहे, असं त्याला वाटायचं. त्यामुळे मावशीला सोडून तो आईकडेच वळला.

"आकाइती, एवढा खटाटोप कशासाठी? डिसेंबरात शाळा संपली की तुम्ही दोघी माझ्याकडे येताय. खोली रंगवून ठेवलीय मी. पॅकिंगच्या कारखान्यात तुझ्यासाठी शब्द टाकलाय."

"भागलं नाही तर येणार, असं ठरलंय."

"मग भागत नाहीये ना?"

"तेच तर सांगतेय. भागू दे म्हणून."

आजी येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. ती आजोबांना सोडून विमानतळापर्यंतसुद्धा जात नाही. म्हणजे डिसेंबर म्हणजे आजी इथे आणि आम्ही तिथे. आणि मी याच वर्षी शाळेच्या ढोलपथकात पुढच्या रांगेत उभी राहिले होते, जिथे याआधी एकही मुलगी उभी राहिली नव्हती. आता कुठे मला माझे हात कळायला लागले होते.

"शनिवारी पाळकसाहेब येणार," मावशी म्हणाली. झाडाची गोष्ट अंगाशी आल्यामुळे ती आता घाईघाईने मामाच्या बाजूला जाऊन बसली होती. "ते खाली उभे राहून प्रार्थना म्हणणार आणि वर काय, तर वीजघर."

"लोक म्हणतील, तारिपो मेला आणि पेट्रोल पंप झाला," मामा म्हणाला.

"बाबा जन्मात एक दिवस रिकामे बसले नाहीत," आई म्हणाली. "त्यांना आवडेल."

"तुला काय माहीत त्यांना काय आवडेल?"

"आणि तुला काय माहीत? ऑकलंडहून?"

मामाने तो नीरफणसाचा तुकडा पुन्हा उचलला, बघितला, आणि पुन्हा ठेवला.

"आई, तू तरी बोल काहीतरी," मावशी आजीला म्हणाली.

आजी कोपऱ्यात कळ्या ओवत होती. "तुमच्या आरडाओरड्यात माझा दोरा तुटला," ती म्हणाली. "उद्या दगड येतोय. आधी तो घरी आणा. मग बघू."

*

दुसऱ्या दिवशी शाळा होती. पण शाळा रोज असते आणि आजोबांचा दगड एकदाच येतो, हे मी आईला इतक्या ठामपणे सांगितलं की ती हो म्हणून बसली.

ट्रक मिळाला नाही, म्हणून दगड जपानिणीतून आणायचा ठरला. आईला हारांचं काम होतं. तिने मामाच्या हातात किल्ली दिली, पण स्वतःची दोन बोटं तिच्यावरून काढली नाहीत.

"बंदरावरून सरळ घरी. एसी लावू नकोस. बॅटरी म्हातारी आहे, काल अर्धीच भरलीय."

"तीस वर्षं बस चालवतोय मी."

"बसला डिझेल लागतं, दादा. हिला जपावं लागतं."

बंदरावर चौघांनी तो दगड उचलून मागे ठेवला. मावशी पुढे बसली आणि मी मागे उरलेल्या जागेत, दगडाला खेटून. दगड काळाभोर, आणि इतका घासलेला की त्यात आकाश दिसत होतं. आजोबांचं नाव कोरलेलं, आणि त्या अक्षरांतून ढग चालत होते. मी हात लावला. बोटीच्या पोटात राहून तो गार पडला होता.

मामा स्टिअरिंगशी बसला, आणि घराच्या दिशेला न वळता उलटा वळला.

"अरे, घर तिकडे आहे," मावशी म्हणाली.

"माहीत आहे. बाबांना एकदा बेटावर फिरवून आणू. एक फेरी. सगळ्यांना भेटवू."

मावशी नाही कशी म्हणणार? आमच्या बेटाला एकच मोठा रस्ता आहे, समुद्राच्या कडेने गोल जाणारा, आणि त्या रस्त्यावर आजोबांना ओळखत नाही असं घर नाही. मीही अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला ती कल्पना इतकी आवडली की आईची सूचना मी डोक्याच्या मागच्या खोलीत नेऊन कुलूप लावलं.

प्रत्येक गावात थांबलो. लोक दगडाला हात लावायचे, काहीजणी त्याच्याशी बोलायच्या, आणि प्रत्येक घरातून एक हार त्याच्यावर पडायचा. चाफ्याचे, तिआरेचे, हिरव्या पानांचे. मग आत बोलवायचे, चहा, केळ्याचे गोड गोळे, पुन्हा चहा. आणि इथे मामाने ती चूक केली, जी आमच्याच घरचा माणूस करू शकतो. बाहेर ऊन तापलं होतं. बंद गाडीत हार कोमेजणार. कोमेजलेले हार घालून बाबांना घरी कसं न्यायचं? म्हणून तो प्रत्येक दारात गाडी चालूच ठेवून, एसी लावून उतरायचा. गाडी आवाज करत नाही, धूर सोडत नाही, त्यामुळे तिचं काही खर्च होतंय असं वाटतच नाही.

"फुलांना गारवा लागतो," तो मला म्हणाला. "फूलवालीची मुलगी तू, तुला हे माहीत हवं."

बेटाच्या पश्चिमेला आरोरांगी गाव मागे टाकून आम्ही बरंच पुढे आलो, तेव्हा मावशीला आठवलं की तिथल्या एका आत्याकडे थांबायचं राहिलं. ती आत्या एकदा लग्नात तिला पान वाढायला उशीर झाला म्हणून बारा वर्षं आमच्याशी बोलत नव्हती. म्हणून मागे फिरलो. पुन्हा चहा.

बेटाच्या थेट पलीकडच्या बाजूला, तितिकावेकात, जपानिणीच्या पडद्यावर एक छोटं कासव उगवलं.

"बघ, कासव," मामा खूश होऊन म्हणाला.

आतली बाई काहीतरी म्हणाली. नेहमीसारखं नम्र, पण या वेळी दोनदा. मग गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि एका घराच्या फाटकासमोर रस्त्याच्या कडेला अलगद थांबली, जणू तिलाही तिथेच भेट द्यायची होती.

"आता?" मावशी म्हणाली.

"आता ढकलू," मामा म्हणाला. "जवळच्या बाजूने घरी नेऊ."

"जवळची बाजू कुठली?"

मामाने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. आमचं घर बेटाच्या बरोबर समोरच्या टोकाला. कुठूनही गेलं तरी तेवढंच लांब. तीस वर्षांच्या बस ड्रायव्हरने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

*

फाटकातून इओआने आजोबा बाहेर आले. आमच्या आजोबांचे चुलतभाऊ, दोघांनी एका होडीत मासे मारले. त्यांनी काही विचारलं नाही. आत गेले आणि एक लांब केशरी वायर ओढत आणली, जशी कुणी पाहुण्यासाठी चटई आणतं.

"लाव," ते म्हणाले. "बारा वाजतायत. चांगली वेळ आहे."

त्यांच्या होडीच्या शेडवर पॅनेलं होती, काळीनिळी, समुद्राकडे पाठ करून डोंगराच्या दिशेने कललेली. मी प्लग लावला. गाडीच्या काचेमागे एक निळा दिवा लुकलुकायला लागला. बस, एवढंच. इंजिन घुरघुरलं नाही, वास आला नाही, काहीच झालं नाही. आणि तरी काहीतरी आभाळातून त्या वायरीत शिरून आमच्या गाडीत उतरत होतं. मी आईकडून ऐकलं होतं, की चार तासांचं ऊन म्हणजे बेटाची एक फेरी. पण ऐकणं वेगळं. मी मान वर करून सूर्याकडे बघायचा प्रयत्न केला आणि शिंक आली. ही पॅनेलं नसती, तरी तो इथे आलाच असता, आणि शेडचं छप्पर तापवून गेला असता. एवढं सगळं रोज येतं आणि आपण टोपी घालून हिंडतो.

"किती वेळ लागेल?" मामाने विचारलं.

"जेवा, झोपा, उठा," इओआने आजोबा म्हणाले. "मग बघा."

नारळाच्या दुधात मुरवलेला कच्चा मासा आला, उकडलेलं अळकुडं आलं. दगड उन्हात नको म्हणून मामाने गाडीच्या मागच्या काचेवर चटई टाकली आणि स्वतः दरवाजा उघडून त्याच्याशेजारी बसला. मावशी जेवून सावलीला आडवी झाली. मामा मात्र हलेना. शेड, वायर, निळा दिवा, दगड, असं त्याचं बघणं चाललं होतं.

"आवाजच नाही," तो म्हणाला. "तीस वर्षं माझ्या मांडीखाली काहीतरी थरथरतंय. घरी जेवतानाही थरथरतं."

"माहीत आहे," इओआने आजोबा म्हणाले. "तुझे पाय अजून हलतायत."

मामाने पायांकडे बघितलं. खरंच हलत होते. तो हसला आणि पाय थांबवले.

"तुमचं बिल किती होईल यात?" त्याने विचारलं. "मी देतो. खरंच."

इओआने आजोबांनी त्याच्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. "उन्हाचं बिल मागू मी? तारिपोच्या पोराकडून?" मग ते थोडे मऊ झाले. "आकाइतीही पहिल्या खेपेला असंच म्हणाली होती. आता नाही म्हणत."

"आकाइती इथे येते?"

"येते म्हणजे? आठवड्यातून दोनतीनदा. फेरी अर्धी झाली की थांबते. गाडी लावते आणि तू बसलायस तिथेच बसते, हार ओवत. मध्ये पावसाचे दिवस होते ना, तेव्हा ऊन येईना, तर अंधार पडेपर्यंत बसायची. मी म्हटलं, घरातल्या विजेवर लाव. नाही म्हणाली. म्हणाली, फुकट द्या तर देवाचं द्या, तुमचं नको."

मला हे माहीत होतं, पण मला ते कधी सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. आई उशिरा येते, एवढंच. तेव्हा मामाच्या तोंडाकडे बघून मला ते पहिल्यांदा त्याच्या बाजूने दिसलं. त्याची धाकटी बहीण, रस्त्याच्या कडेला, मांडीवर फुलं घेऊन, ढग जायची वाट बघत. आणि त्याने पाठवलेल्या प्रत्येक मेसेजला तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं, सगळं ठीक.

मावशी झोपली नव्हती. ती डोळे मिटूनच म्हणाली, "मला का नाही सांगितलं तिने? मी तर इथेच राहते."

"सांगितलं असतं तर तू सगळ्या चर्चला सांगितलं असतंस," मी म्हणाले.

मावशीने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं, आणि चक्क मान डोलावली.

*

आम्ही घरी आलो तेव्हा आई फाटकात उभी होती. तिने आधी हारांचा ढीग बघितला, मग गाडीच्या पडद्यावरचा आकडा, आणि तिला सगळं कळलं.

"किती ठिकाणी थांबलात?"

"सगळ्या," मावशी म्हणाली.

"एसी?"

"फुलांसाठी," मामा म्हणाला.

आई हसायला लागली आणि तिला ते थांबवताच येईना. दगड उतरवून ओसरीवर ठेवेपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग सगळे बसले, कालच्याच जागांवर, पण आज मावशी आईच्या शेजारी बसली.

"मी विचार केलाय," मामा म्हणाला. "पॅनेलं लागायलाच हवीत. उद्या सुताराला बोलावतो." त्याने घसा साफ केला. "माझं झाड तोडायला सांगतो."

आईचं हसू जागच्या जागी थांबलं. "नाही."

"माझं झाड आहे. मी सांगतोय."

"तुझं झाड आहे, पण ते तोडलेलं बघायचं आम्हाला आहे. तू तर विमानात बसशील. नाही. मी नाही तोडू देणार."

"अगं, काल तूच म्हणालीस छपरावर मी आहे."

"हो. मग आहेसच. राहा."

"दादा बरोबर बोलतोय," मावशी म्हणाली, आणि लगेच, "पण आकाइतीचंही खरंय." तिला कुठल्या बाजूला बसावं ते कळेना. शेवटी ती उठून पाणी प्यायला गेली. मी बघत होते. काल दोघं एकमेकांना ओढत होते आणि आज दोघं एकमेकांना ढकलत होते, तू घे, नाही तू घे, आणि पॅनेलं मात्र तशीच भिंतीला टेकलेली. मला राग आला.

"मला एक बोलायचंय," मी म्हणाले. घरच्या बैठकीत मुलं बोलत नाहीत. पण ढोल वाजवताना मला एक गोष्ट कळलीय, पहिला ठोका पडला की मागे घेता येत नाही. "आज दुपारी त्या गाडीत जे उतरलं ना, ते सगळीकडे पडतंय. आजोबांवर तर आपल्यापेक्षा जास्त. मामा, तू म्हणालास पेट्रोल पंप. पण पेट्रोल पंपाला काहीतरी आणावं लागतं. इथे काही आणायचंच नाहीये. ते येतंच आहे. त्यांच्यावर रोज येतं आणि आपण लाल पत्र्याने ते परत पाठवणार."

मामाने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी आजीकडे बघितलं, कारण तिने सुई खाली ठेवली होती.

"त्या छपराखाली दुसरी जागा कोणाची आहे?" आजी म्हणाली.

सगळ्यांना माहीत होतं.

"माझी. म्हणजे ते छप्पर माझ्या डोक्यावर येणार. दोन दिवस तुम्ही बाबांना काय आवडेल, बाबांना काय आवडेल चालवलंय. मला कुणी विचारलं?" ती एकेकाकडे बघत होती. "आज सकाळी मी त्यांना विचारलं. ते काही बोलले नाहीत. पन्नास वर्षांत कधी बोलले, की आज बोलतील? सगळं मीच ठरवत आले. हेही मीच ठरवते. पॅनेलं वर लागतील. झाड राहील. पत्रे कोंबड्यांच्या खुराड्याला घाला, त्यांचं छप्पर गळतंय."

"आई, ते पत्रे चांगल्या प्रतीचे आहेत," मामा क्षीणपणे म्हणाला.

"मग कोंबड्या खूश होतील."

मावशी पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबली होती. "पाळकसाहेबांना काय सांगू?"

"त्यांच्याकडे आहे ना ती निळी गाडी, तसलीच? सांग, प्रार्थना जरा लांबवली तर तेवढ्यात त्यांचीही भरून देऊ."

आई उठली आणि आजीच्या पायाशी जाऊन बसली. तिने सुटलेला दोरा उचलला आणि एक एक कळी ओवायला लागली.

*

शुक्रवारी वायरमन येऊन जोडणी करून गेला. शनिवारी सकाळी कापड निघालं. पाळकसाहेबांनी खरंच प्रार्थना लांबवली आणि मावशीने मुलांना त्यांची निळी गाडी फाटकाच्या आत ढकलायला लावली. दगडात आता आकाश दिसत नव्हतं. त्यात पॅनेलांच्या मधल्या फटींतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या, आजोबांच्या नावावर, बारीक, लांब. मी त्यांना बोट लावलं. त्या गरम होत्या.

जेवणं झाली, लोक पांगले. दुपारी मी आजोबांच्या कबरीच्या कडेला बसले होते. वर काहीच हलत नव्हतं. वायर जमिनीतून ओसरीपर्यंत गेली होती आणि ओसरीजवळ जपानीण उभी होती, आत निळा दिवा लुकलुकत. आजी तिच्या उघड्या दारातून आतल्या बाईशी काहीतरी बोलत होती. मला तेव्हा असं वाटलं की मी जोरात श्वास घेतला तर हे सगळं मोडेल. सूर्य, छप्पर, आजोबा, गाडी, आई, मी, सगळं एकाच दोऱ्यात, आणि कुठेच गाठ दिसत नाही.

मामा शिडी घेऊन आला. पाहुण्यांच्या गाड्यांची धूळ पॅनेलांवर बसली होती. तो शिडीवर चढला, चर्चचे कपडे अंगावर, बाह्या वर केलेल्या, आणि ओल्या फडक्याने पुसायला लागला, हळू, जसं कुणाचं तोंड पुसावं. आई बादली धरून खाली उभी होती.

"दर शनिवारी कबर धुतेस ना," मामा वरूनच म्हणाला, पाठ आमच्याकडे करून. "तेव्हा हेही पुसत जा. समुद्राचं मीठ बसेल यांच्यावर. पावसाळ्यात पानं पडतील, माझ्याच झाडाची. आणि ख्रिसमसला पुसशील तेव्हा शिडी कुणाला तरी धरायला सांग, एकटी चढू नकोस."

आई वर बघत राहिली. ख्रिसमस. म्हणजे डिसेंबरातही आम्ही इथेच. तिने माझ्याकडे बघितलं, ऐकलं का, अशा नजरेने. मी ऐकलं होतं.

मामाने फडकं पिळलं आणि हात खाली केला. आईने बादली उचलून त्याच्या हातात दिली.

"त्या टोकाचं राहिलंय," ती म्हणाली.